गोणपाटाखालचं मशीन

पुलाच्या तिसऱ्या खांबाला तडा गेला आणि बाइंडरच्या घरातली झोप उडाली. खांबाचा आणि झोपेचा संबंध काय, असं कोणीही विचारेल. संबंध असा, की बाइंडरच्या बायकोची मूत्रपिंडं दीड वर्षापूर्वी कामातून गेली होती आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी खाडीपलीकडच्या इस्पितळात न्यावं लागे. पूल होता तोवर बसने पंधरा मिनिटं. आता पूल दुरुस्तीला काढला. पाटीवर 'चार महिने' लिहिलं होतं, म्हणजे समजणाऱ्याने वर्ष समजायचं. बस खाडीला वळसा घालून जाऊ लागली, तीन तास जायला आणि तीन यायला. बायकोची पाळी सकाळी सातची. पहिली बस पोचायची नऊला. म्हणून दोघं आदल्या संध्याकाळीच निघायची आणि इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर पाठ टेकायची. घरी परतलं की कपडे वाळत घालायचे आणि पुढच्या खेपेची पिशवी भरायला घ्यायची.

सरकारने लाँच सोडली होती, नाही असं नाही. ती नऊला सुटे. पाळी बदलून मागितली तर नर्स म्हणाली, "काका, इथे मशीनं चार आणि माणसं चाळीस. कोणाला उठवू ते तुम्हीच सांगा." तिचाही चेहरा बिचारीचा उतरलेला होता. बाइंडर परत आला.

तिसऱ्या आठवड्यात, परतीच्या बसमध्ये, बायको खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "अहो, एक खेप चुकवली तर काय होतं हो?"

"काय होतं ते नर्सने सांगितलंय."

"मला ठाऊक आहे. म्हणूनच विचारतेय."

ती रडून बोलली असती तर त्याने समजूत घातली असती. पण ती रडली नव्हती. दुकानदाराला भाव विचारावा तशी विचारत होती.

घरी आल्यावर त्याने तिला अंथरुणावर टेकवलं, तोंडावर पाणी मारलं आणि तडक मागच्या खोलीत जाऊन कोपऱ्यातलं गोणपाट ओढून काढलं. खाली लाकडी घोडीवर टांगलेलं बोटीचं मशीन होतं. छोटंसंच, अडीच घोड्यांचं, टाकी डोक्यावरच बसवलेली. नऊ वर्षं ते तिथे होतं आणि नऊ वर्षांत त्याने त्या कोपऱ्यात केर काढायलाही हात घातला नव्हता.

ते मशीन त्याच्या बाबांचं. बाबा होडीवाले, पूल नव्हता तेव्हा अर्धा गाव त्यांच्याच होडीने पलीकडे जायचा. थोरल्याच्या अंगात यंत्राची कळ उपजत, तो मिस्त्री झाला. मशीनची सगळी दुखणीखुपणी तोच काढायचा. धाकटा, म्हणजे हा बाइंडर, छापखान्यात वह्या-पुस्तकं बांधायला बसला. कधीमधी तोही होडी न्यायचा, पण मशीन तयार करून द्यायचे बाबाच. दोरी ओढून सुरू करणं आणि बटण दाबून बंद करणं, एवढीच त्याची विद्या.

आणि एका सकाळी बाबांना झटका आला. एक बाजू लुळी पडली, वाचा गेली. थोरला कामाला बाहेर गेलेला. धाकट्याने बाबांना होडीत आडवं केलं, मशीन सुरू केलं आणि इस्पितळाकडे निघाला. खाडीच्या मध्यावर मशीन बंद पडलं. दोरी ओढून ओढून त्याचे तळवे सोलले. बाबा त्याच्याकडे बघत होते. त्यांनी चांगला असलेला हात वर केला आणि अंगठा नि दोन बोटं जुळवून मनगट फिरवलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा. मागे फिर, असं ते सांगताहेत हे त्याला कळलं. त्याने वल्ही हातात घेतली आणि होडी घराकडे वळवली. धक्का हाकेच्या टप्प्यात आला तेव्हा बाबा गेले.

आदल्याच दिवशी थोरल्याने मशीन खोलून साफ केलं होतं. अंगणात माणसं जमलेली असताना धाकट्याने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "तुझ्या हातगुणाने बाबा गेले." थोरला एक अक्षर बोलला नाही. महिन्याभरात बिऱ्हाड उचलून तो पलीकडच्या तीरावर राहायला गेला. बोलणं तुटलं ते तुटलंच. धाकट्याला मात्र एका गोष्टीचं समाधान होतं. बाबांना घरी यायचं होतं, त्यांनी हाताने तसं सांगितलं, आणि आपण ते ऐकलं. लोकही म्हणायचे, माणूस पुण्यवान.

"मशीन काढताय?" बायको दारात येऊन उभी राहिली होती, चौकटीला धरून.

"तू कशाला उठलीस?"

"भाऊजींना निरोप धाडा. इस्पितळापासून हाकेच्या अंतरावर तर त्यांचं दुकान आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे तर सख्खा भाऊ आहे."

"त्याचा हात या मशीनला पुन्हा लागायचा नाही."

"मग लावा तुमचा," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

बाइंडरने हात लावला. पहिल्याच हिसक्याला दोरी तुटली आणि तो सपशेल पाठीवर पडला. बायको हसली. कित्येक दिवसांनी हसली, म्हणून त्याने पडल्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. दोरी हा प्रश्न त्याच्या हातातला होता. पुस्तकाच्या शिलाईचा मेण लावलेला दोरा त्याने चौपदरी वळला आणि असा काही गुंफला की बैल बांधला असता तरी तुटला नसता.

पुढचं मात्र हातातलं नव्हतं. पण बायको होती. लग्न होऊन आली तेव्हापासून मागच्या खोलीत सासरे आणि दीर मशीन खोलून बसलेले तिने पाहिले होते; बाटली धर, चिंधी दे, बॅटरी दाखव, ही कामं तिच्याकडे. त्यामुळे तिला नावं येत नव्हती, पण क्रम पाठ होता.

"आधी प्लग काढा. त्या भोकातून थोडं ऑईल सोडा आणि मग दोरी ओढा. हळूच हो! म्हशीचं दावं ओढताय का?"

दोन दिवस ऑईल मुरल्यावर आतला दट्ट्या हलला. मग कार्बोरेटर. जुनं पेट्रोल आटून आत पिवळा, चिवट डिंक झाला होता. बाइंडरचा सगळा जन्म डिंकात गेलेला, पण असला डिंक त्याने पाहिला नव्हता. पितळी जेटच्या केसाएवढ्या भोकात तो सुई घालायला निघाला तर बायको ओरडली, "सुई नको, भोक मोठं होईल! विजेच्या वायरीतली एक तार घ्या. भाऊजी तसंच करायचे." भाऊजींचं नाव निघालं की बाइंडरच्या कपाळाला आठी पडे, आणि वायर मात्र तो मुकाट्याने सोलायला घेई.

अशा रीतीने सोळा दिवस गेले. अर्धा दिवस छापखाना, अर्धा दिवस मशीन, आणि आठवड्यातले तीन दिवस बस नि बाक. मालक कुरकुरायला लागला होता. बाइंडरच्या डोळ्यांखाली काळं आलं. जेवताना हाताला पेट्रोलचा वास यायचा आणि घास फिरायचा. कधीकधी मशीनसमोर बसल्याबसल्या त्याचा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा बायकोने खांद्यावर चादर टाकलेली असायची. दुखणं तिचं आणि पांघरूण त्याला, असला उलटा कारभार.

तेल बदललं. पाण्याच्या पंपातलं रबराचं चक्र दगडासारखं झालं होतं, ते नवीन आणलं. शेवटी अंगणात पिंप पाण्याने भरून मशीन त्यात उभं केलं. बाटलीने टाकीत थोडंथोडं पेट्रोल घालत, झाकण उघडंच ठेवून त्याने दोरी ओढली. अकराव्या हिसक्याला मशीन खोकलं. एकविसाव्याला सुरू झालं. अंगणभर पांढरा धूर झाला. शेजारीण नाकाला पदर लावून कुंपणापाशी आली, काय जळतंय ते बघायला. पण मशीनच्या बगलेतून पाण्याची जी बारीक धार पडायला हवी ती पडेना. घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला त्याने भोकात काडी घातली. आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. माती निघाली आणि धार लागली. बायकोने खुर्चीतूनच टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच चाचणीला गेला. टाकी काठोकाठ भरली, हेलकाव्याने पेट्रोल सांडू नये म्हणून झाकण गच्च आवळलं आणि होडी सोडली. मशीन अगदी शहाण्यासारखं चाललं. त्याने मनातल्या मनात हिशेबही केला, की वीस मिनिटांत पलीकडे, साडेसहाला निघालं तरी चालेल, ती रात्रभर आपल्या अंथरुणात झोपेल.

दहा मिनिटं झाली. मशीनचा आवाज बारीक झाला, दोनदा अडखळला आणि बंद पडला.

बाइंडरने दोरी ओढली. ओढतच राहिला. पाच मिनिटांनी ते सुरू झालं, जरा चाललं आणि पुन्हा बंद. तडा गेलेल्या खांबाच्या सावलीत होडी हळूहळू फिरत राहिली. हीच ती जागा. पूल तेव्हा नव्हता, एवढाच काय तो फरक. त्याने हात सोडले आणि होडीच्या तळाकडे बघत बसला. बाबा तिथेच पडले होते. नऊ वर्षांपूर्वी त्याला राग तरी आला होता. आज रागावण्याइतकंही त्राण नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने वल्ही घेतली.

घरी येऊन तो बायकोच्या उशाशी बसला. "माझ्याच्याने होत नाही. त्या मशीनचा गुणच तो. दहा मिनिटं चालतं आणि ऐन मध्यावर मान टाकतं. तुला त्यात घालून नेऊ, आणि तू..."

तिने छताकडे बघतच विचारलं, "दहा मिनिटं बरोबर चालतं?"

"हो."

"मग झाकणावरचा स्क्रू सैल केला नसेल."

"कुठला स्क्रू?"

ती मान वळवून त्याच्याकडे बघू लागली. "टाकीच्या झाकणावर मधोमध नाही का तो छोटासा? मी नवी नवरी आले ना, तेव्हा मशीन रात्री घरात असायचं आणि पेट्रोलच्या वासाने मला मळमळायचं. मामंजींच्या ते लक्षात आलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते तो स्क्रू आवळून ठेवायचे, म्हणजे वास बाहेर येत नाही. सकाळी निघताना न चुकता सैल करायचे. मला एकदा म्हणाले, सूनबाई, टाकीत हवा गेली नाही तर पेट्रोल खाली कसं उतरणार? थोडा वेळ चालेल आणि मशीन गुदमरेल. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. बाबा रोज स्वतः उघडायचे, मग मशीन त्याच्या हाती द्यायचे. कधी सांगायची वेळच आली नव्हती.

तो उठून मागच्या खोलीत गेला. स्क्रू गच्च बसलेला होता. त्याने अंगठा नि दोन बोटांत तो धरला आणि मनगट फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. त्याने आणखी फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग त्याचं लक्ष आपल्याच हाताकडे गेलं.

अंगठा, दोन बोटं, फिरणारं मनगट.

बाबा मागे फिर म्हणत नव्हते. स्क्रू उघड म्हणत होते. वाचा गेलेला माणूस खाडीच्या मध्यावर जिवाच्या आकांताने एकच गोष्ट सांगत होता, आणि हा त्यांना घेऊन घरी परतला होता. इस्पितळ पुढे होतं, आणि होडी याने उलट वळवली होती.

"अहो, काय झालं?" बायकोने आतून विचारलं.

"काही नाही. हात आखडला जरा."

ती भिंत धरत धरत आली आणि खुर्चीत बसली. "एक सांगू? आता सांगायला हरकत नाही. मामंजी गेल्यावर पंधराएक दिवसांनी भाऊजी आले होते. तुम्ही छापखान्यात होतात. झाकणाला हात लावून बराच वेळ नुसते उभे राहिले. मग पिंपात मशीन चालवून पाहिलं, चांगलं अर्धा तास. कुठे बंद पडलं नाही. टाकी रिकामी केली नाही त्यांनी, नेहमी करायचे. स्क्रू पुन्हा आवळला, गोणपाट टाकलं आणि मला म्हणाले, मी आलो होतो हे त्याला सांगू नकोस. मी विचारलं, काय निघालं मशीनमध्ये? तर म्हणाले, मशीनच जुनं झालंय, दुसरं काय."

बाइंडरने मान खाली घातली. म्हणजे थोरल्याला माहीत होतं. आपला दोष नाही हे हातात धरून तो या खोलीत उभा राहिला होता, आणि ते इथेच झाकून निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. बायकोच्या पायांवर शाल, मांडीवर पिशवी. बाइंडरने धक्का सोडण्याआधी स्क्रू उघडला, उघडल्याची दोनदा खात्री केली, आणि मशीन पहिल्या ओढीला सुरू झालं. खांब मागे गेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बायको हात पाण्यावर सोडून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर, खूप दिवसांनी, पुरी झोप झाल्याची कळा होती. एकविसाव्या मिनिटाला होडी पलीकडे लागली. मशीन बंद करून त्याने बाबांसारखाच स्क्रू आवळून ठेवला. नर्सने घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "आज घरून आलात?"

बायकोला सुया टोचल्या गेल्या आणि बाइंडर थोरल्याच्या दुकानाकडे चालू लागला. त्याला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. रात्रभर त्याने त्या मनाशी घोकल्या होत्या.

मिस्त्री पायरीवर बसून पाण्याचा पंप खोलत होता. केस पार पिकले होते. त्याने वर पाहिलं, पुन्हा पंपाकडे पाहिलं. "सकाळी आवाज ऐकला," तो म्हणाला. "ओळखला. कोणी चालू केलं?"

"मी."

"तू? मग पिंपातलं पाणी सुद्धा घाबरलं असेल." त्याने शेजारचा डबा पायाने पुढे सरकवला. "बस."

बाइंडर डब्यावर बसला. "दादा, त्या दिवशी स्क्रू बंद होता."

"हं."

"तुला माहीत होतं."

"हं."

"मग बोलला का नाहीस? सगळ्यांदेखत मी तुला काय काय बोललो!"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "काय बोलणार होतो? माझ्या डोक्यावरची पाटी काढून तुझ्या डोक्यावर ठेवायची? तू आधीच अर्धा झाला होतास. आणि रागही होता, खोटं कशाला सांगू. म्हटलं, याच्या तोंडाला लागायचं नाही आता." त्याने चिंधीला हात पुसले, पुसत राहिला. "नऊ वर्षं जातील असं वाटलं नव्हतं."

"माझं चुकलं, दादा."

"ते असू दे. चूक कोणाची नाही होत." मिस्त्री खाडीकडे बघत होता. "एक गोष्ट तू केलीस, ती मोठी केलीस. त्यांना घरी यायचं होतं, ते तू ऐकलंस. मी असतो तर ऐकलं नसतं. तसाच वल्हवत इकडे आणलं असतं, आणि बाबा कुठल्या तरी लोखंडी खाटेवर गेले असते. मन फार खायला लागलं ना, की मी तेवढंच आठवतो. घरी यायचं होतं त्यांना. त्यावर निभावलं बघ मी सगळं."

दुसरी गोष्ट बाइंडरच्या ओठांवर आलेली होती. त्याने भावाच्या पिकल्या केसांकडे पाहिलं, चिंधीतल्या काळ्या बोटांकडे पाहिलं. त्याचा स्वतःचा हात मांडीवर होता. त्याने मूठ मिटली.

"हो," तो म्हणाला. "घरी यायचं होतं त्यांना."

अकराला बायको सुटली. मिस्त्री तिला हाताला धरून धक्क्यापर्यंत घेऊन आला. वाटेत तिने त्याला मशीनची सगळी कहाणी सांगितली, बाइंडर पाठीवर पडला तो भाग दोनदा. होडीत बसवून दिल्यावर मिस्त्रीने मशीनकडे पाहिलं, दोरीची गुंफण बोटाने चाचपली आणि म्हणाला, "दोरी मात्र झकास." मग तो मागे सरून धक्क्यावर उभा राहिला.

बाइंडरने होडी लोटली. वाऱ्याने ती धक्क्यापासून दूर गेली. मिस्त्री काहीतरी ओरडला, पण पलीकडे सरकारी लाँच भोंगा वाजवत होती, शब्द काही पोचले नाहीत. तेव्हा त्याने हात वर केला, अंगठा नि दोन बोटं जुळवली आणि मनगट फिरवलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा.

बाइंडरच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या पुसायला त्याचा हात वर गेला नाही.

"काय सांगतायत हो भाऊजी?" बायकोने विचारलं.

"स्क्रू उघड म्हणतोय," बाइंडर म्हणाला. त्याने झाकणावर हात नेला, स्क्रू उघडला आणि दोरी ओढली.